माकडताप : वानर, गोचीड आणि आपले चिकित्सालय

हत्तींना होणाऱ्या ज्वरास पाकल, अश्वांच्या ज्वरास अभिताप आणि गायींच्या ज्वरास ईश्वर अशी निरनिराळी नावे प्राचीन ग्रंथकारांनी दिली असून मनुष्याच्या ठिकाणी त्याच व्याधीस ज्वर म्हटले आहे. माधवनिदानावरील टीकेत पालकाप्याच्या मताने येणारा हा संदर्भ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला असतो आणि बहुधा परीक्षा संपताच विसरलेलाही असतो. चिकित्सालयात बसल्यावर आपण केवळ मनुष्याच्या ज्वराचा विचार करतो. त्याच्या गोठ्यातील गाईचा किंवा त्याच्या बागेवरून उड्या मारीत जाणाऱ्या वानराचा विचार आपल्या मनात येत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी चिकित्सा करणाऱ्यांना असा विसर परवडणारा नाही, हे आम्हांस एका रुग्णेने शिकविले. प्रस्तुत लेखात माकडताप या विषाणुजन्य व्याधीविषयी आजवर झालेल्या संशोधनाचा परिचय करून देऊन त्याचा आपल्या नित्य व्यवहाराशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा आमचा प्रयत्न आहे. औषधालय चालविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीही हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. त्यातील काही भाग तर विशेषत्वाने त्यांच्यासाठीच आहे.

या व्याधीचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. 1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या राखीव वनात माकडे मोठ्या संख्येने मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतील माणसे तीव्र ज्वराने आजारी पडू लागली. माकडांचे मृत्यू पाहून आफ्रिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका प्रथम घेतली गेली. ती शंका खरी असती तर केवढा अनर्थ ओढवला असता याची कल्पना करता येईल, कारण पीतज्वर पसरविणारा डास आपल्या देशात सर्वत्र आहे. पुण्यात 1952 साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या प्रश्नाचा छडा लावला. मृत माकडांच्या आणि रुग्णांच्या रक्तातून वेगळा केलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते सायबेरियातील गोचीडजन्य मस्तिष्कज्वराच्या विषाणूंशी निघाले. मग तो इतक्या दूर आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडी आणल्या असाव्यात, असा तर्क झाला आणि त्या निमित्ताने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. पक्षिशास्त्राचा त्यात फार मोठा लाभ झाला. हा विषाणू मात्र पाहुणा नसून येथील वनांचाच जुना रहिवासी असावा, असे मत पुढे दृढ होत गेले.

विषाणूचे वास्तव्य कोठे असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा जातीची गोचीड ही त्याची मुख्य वाहक होय. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गुरांच्या किंवा मोठ्या वन्य पशूंच्या अंगावर रक्त पिऊन फुगते, खाली गळून पडते आणि पाचोळ्यात अंडी घालते. पावसाळा सरल्यावर त्यांतून निघणारी सूक्ष्म पिल्ले उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा लहान प्राण्यांवर पोसली जातात. त्यांतील काहींच्या रक्तातून विषाणू पिल्लांत शिरतो. कात टाकून ही पिल्ले दुसऱ्या अवस्थेत जातात. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत वनातील पाचोळ्यात व झुडपांच्या टोकांवर दबा धरून बसलेली असते ती हीच अवस्था. आकाराने ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. चावल्याचे कळत नाही, खाज सुटली तर डास चावला असेल असे वाटते. मनुष्यास आणि वानरास बाधा होते ती प्रामुख्याने या अवस्थेतील गोचिडीपासून. म्हणूनच डिसेंबर ते मे हा या रोगाचा ऋतू ठरतो.

काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही या विषाणूची तीव्र बाधा होऊन ती मरतात. मृत माकडाच्या अंगावरील गोचिडी तेथेच गळून पडतात आणि तेवढा परिसर धोक्याचा बनतो. गुरांची गोष्ट निराळी आहे. गाईच्या अंगात हा विषाणू फारसा वाढत नाही, ती आजारीही पडत नाही, परंतु तिच्या रक्तावर गोचिडींची पैदास होते. म्हणजे रोगाचे बीज गाईत नाही, पण बीज वाहणाऱ्यांचे पोषण मात्र तीच करते. मनुष्य हा या साखळीतील शेवटचा दुवा होय. एका मनुष्यापासून दुसऱ्यास हा ताप होत नाही. रुग्णाच्या घरच्यांना हे आवर्जून सांगावे. गावात अशा रुग्णास वाळीत टाकल्यासारखे वागविले जाताना आम्ही पाहिले आहे.

पन्नासेक वर्षे हा रोग जवळजवळ कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांपुरताच मर्यादित राहिला. 1980 नंतरच्या दशकारंभी बेळ्तंगडी तालुक्यात काजूलागवडीसाठी वन तोडले गेले आणि त्यामागोमाग तेथे मोठी साथ उद्भवली. त्या वेळी हा धडा पुरेसा घेतला गेला नाही, असे आमचे मत आहे. 2012-13 मध्ये बांदीपूर, मुदुमलाई आणि वायनाड या दक्षिणेकडील वनप्रदेशांत विषाणूचे अस्तित्व आढळले. 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात केर गावच्या परिसरात माणसे आजारी पडली. पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा भागातही रुग्ण आढळले. गोव्यातील रुग्णांचा अभ्यास करताना काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना ही बाधा होत असल्याचे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच. बोंडू वेचणाऱ्या बायामाणसांना पाचोळ्यात हात घालावाच लागतो.

भारत आणि ब्रिटनमधील संशोधकांनी एकत्र येऊन 2020 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. कोणत्या भूप्रदेशात या रोगाचा धोका अधिक, याचा नकाशा त्यांनी मांडला. सदाहरित दमट वन, त्यालगत लागवडीच्या बागा आणि देशी गुरांची दाट संख्या जेथे एकत्र येतात तेथे धोका अधिक, असा त्याचा निष्कर्ष निघाला. घनदाट वनाच्या अंतर्भागापेक्षा वन आणि वस्ती यांची सरमिसळ झालेली किनार अधिक धोक्याची, हे त्यातील मर्म. आमच्या भागातील एखाद्या वाडीचे वर्णन करा म्हटले तर आम्ही याहून निराळे काय लिहिले असते? विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात बिघडलेल्या देशाची लक्षणे सांगताना चरकाचार्यांनी डास, माश्या व उंदीर यांच्या वाढीचा आणि भेदरलेल्या, व्यथित पशुपक्ष्यांचा उल्लेख केला आहे. त्यांना विषाणू ठाऊक होता, असा दावा करण्याची आम्हांस गरज वाटत नाही. माणसांचा रोग ओळखण्यासाठी आधी भोवतालच्या पशुपक्ष्यांकडे पाहावे, हे त्यांना ठाऊक होते. आम्हांस तेवढे पुरे आहे.

आता आमची स्वतःची चूक. 2016 च्या फेब्रुवारीत, चाळिशीतील एक स्त्री दोन दिवसांच्या ज्वराने आमच्याकडे आली. अकस्मात थंडी वाजून आलेला ताप, कपाळात ठणका, कंबर व पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळे लाल. दोडामार्गकडील बातम्या वर्तमानपत्रांत येतच होत्या. परंतु रुग्णेचे गाव त्या गावांत नव्हते आणि त्यांच्या वाडीत माकड मेल्याचे कोणी बोललेले नव्हते, एवढ्यावर आम्ही तो विचार बाजूस सारला. नाडी पाहताना एक गोष्ट जाणवली होती. अंग पोळत असताना नाडी मात्र त्या मानाने मंद होती. आम्ही ती नोंद केली, तिचा अर्थ लावला नाही. वातकफज ज्वराच्या अनुमानाने त्रिभुवनकीर्ती, सोबत सुदर्शन काढा आणि लंघन, अशी व्यवस्था केली. वेदना न सोसल्याने त्याच सायंकाळी घरच्यांनी एका दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिल्या. आम्ही कोणत्या टाळाव्यात हे सांगितले नव्हते आणि विकणाऱ्यानेही ताप कसला, कितवा दिवस, असे काही विचारले नव्हते. चौथ्या दिवशी हिरड्यांतून व नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा धावपळ करून तिला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. तपासणीत माकडताप निश्चित झाला. ती वाचली. परंतु मधल्या काळात ताप उतरून घरी आल्यावर पुन्हा तापली, हातांना कंप सुटला, बोलण्यात विसंगती आली आणि पूर्ववत होण्यास महिने लागले. तिच्या यजमानांनी नंतर एवढेच विचारले, "वैद्यानू, तुमी आदी कित्याक नाय सांगलास?" उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

त्या प्रसंगानंतर वाचलेल्या व पुढील रुग्णांत पाहिलेल्या लक्षणांवरून जे हाती लागले ते असे. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ज्वर अचानक येतो. शिरःशूल आणि स्नायुवेदना फार तीव्र असतात. वांती, अतिसार, डोळे लाल होणे, मानेतील व काखेतील ग्रंथी वाढणे, तालूवर बारीक पुटकुळ्या येणे ही लक्षणे शोधून पाहावीत. तालू पाहण्यासाठी रुग्णाचे तोंड उघडण्याचा कंटाळा करू नये. नाडीची सापेक्ष मंदता आणि रक्तदाब उतरणे हे या व्याधीच्या वर्णनात पूर्वीपासून नोंदलेले आहे. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातून तरी ते निसटू नये. रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबिका घटतात, यकृताच्या चाचण्या बिघडतात. काही रुग्णांत रक्तस्राव होतो. बरेच रुग्ण दोन आठवड्यांत बरे होतात, परंतु दहा ते वीस टक्क्यांमध्ये एक-दोन आठवड्यांच्या ज्वरमुक्तीनंतर दुसरा वेग येतो आणि त्यात मान ताठणे, कंप, भ्रम अशी मस्तिष्काची लक्षणे दिसतात. पुनरावर्तक ज्वराचे वर्णन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. मात्र येथे नाव जुळले म्हणून चिकित्साही जुळते, असे समजणे घातक ठरेल. बाधितांपैकी सुमारे तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात.

डेंगीशी याचे साम्य इतके आहे की बिंबिका घटलेल्या दिसताच डेंगीचे निदान करून मोकळे होण्याचा मोह होतो. ऋतूचा विचार येथे उपयोगी पडतो. कोकणात डेंगी आणि लेप्टो यांचा जोर पावसाळ्यात व त्यानंतर असतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत वनालगतच्या वाडीतून असा रुग्ण आला तर प्रथम माकडतापाची शंका घ्यावी आणि एक प्रश्न विचारावा : गेल्या पंधरवड्यात रानात, काजूच्या बागेत, लाकूडफाट्याला, गुरांमागे किंवा पातेरा गोळा करायला गेला होता काय? माकड मेले होते काय, हा प्रश्नही विचारावा. परंतु त्याचे उत्तर नकारार्थी आले म्हणून निश्चिंत होऊ नये. माकडांचे मृत्यू न आढळताही माणसांना बाधा झालेली आहे. पहिल्या आठवड्यात रक्तातील विषाणू आरटी-पीसीआर चाचणीने ओळखता येतो, पुढे आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. यासाठी रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फतच पाठवावे. हा विषाणू अतिशय संसर्गजन्य द्रव्यांत मोडतो, पूर्वी पुण्याच्या प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही त्याची बाधा झालेली आहे. गावातील साध्या प्रयोगशाळेत रक्त देऊन बसणे योग्य नव्हे.

या विषाणूवर थेट परिणाम करणारे औषध आज कोणत्याही पद्धतीत सिद्ध झालेले नाही. आधुनिक रुग्णालयातही रुग्णास द्रव देणे, रक्तदाब सांभाळणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, आवश्यक तेव्हा रक्तघटक देणे, एवढेच केले जाते आणि त्यानेच बहुसंख्य रुग्ण वाचतात. म्हणून आपल्याकडून होणारा विलंब हाच रुग्णाचा खरा शत्रू होय. लंघनाचा अर्थ निर्जल उपवास असा आपल्या आचार्यांनीही केलेला नाही. या ज्वरात तर षडंगोदक, पेया, साधे पाणी जितके पोटात टिकेल तितके द्यावे. वांतीमुळे टिकत नसेल तर तो रुग्ण आपल्या अंगणात क्षणभरही ठेवू नये. वत्सनाभयुक्त कल्पांविषयी आम्ही आता फार सावध आहोत. नाडी मंद, रक्तदाब उतरता आणि हृदयावर ताण अशा स्थितीत वत्सनाभ देणे म्हणजे उतारावर असलेल्याला ढकलणे. यकृत बाधित असता रसकल्पांची गर्दीही करू नये. ज्वरावर पॅरासिटामॉल मर्यादित मात्रेत चालते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी रक्तस्राव वाढविणारी वेदनाशामके मात्र पूर्णतः टाळावीत. हे रुग्णास तोंडी सांगून भागत नाही. आम्ही आता चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून देतो.

लसीविषयी वारंवार विचारणा होते. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली एक लस कर्नाटकात 1990 पासून वापरात होती. 2005 ते 2010 या काळातील आकडेवारीच्या अभ्यासात दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि त्यानंतरच्या वर्धक मात्रेने सुमारे 83 टक्के संरक्षण मिळत असल्याचे दिसले. मात्रा महिन्याच्या अंतराने दोन, पुढे सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक, नंतर काही वर्षे दरवर्षी एक, असा तो क्रम. टोचल्यावर होणारी वेदना आणि ही लांबण यांमुळे अनेकांनी मात्रा पूर्ण केल्या नाहीत. पुढे तिची परिणामकारकता घटल्याचे आढळल्याने 2022 साली तिचा वापर थांबविण्यात आला. नवी लस विकसित करण्याचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतलेले आहे. तोवर बचाव करावयाचा तो गोचिडीपासूनच.

औषधालयाच्या सहकाऱ्यांशी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. साथीची बातमी येताच काही दुकानांवर माकडतापावर गुणकारी काढा अशा पाट्या लागलेल्या आम्ही पाहिल्या. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत ज्वरांचा समावेश आहे, हे त्या दुकानदारांस ठाऊक नसावे. परंतु कायद्याचे राहू द्या. ती बाटली घेऊन गेलेला मजूर चौथ्या दिवसापर्यंत घरी थांबतो, हा त्यातील खरा अपराध आहे. करंज व निंब तेलांचा गोचिडींवर परिणाम होतो असे प्रयोगशाळेतील काम सांगते, गुरांच्या अंगास ती लावण्याची आपली जुनी रीतही आहे. परंतु ती अंगास चोपडून रानात गेलेल्या मनुष्यास माकडतापापासून संरक्षण मिळते, असे सिद्ध झालेले नाही. डीएमपी किंवा आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले डेपा ही प्रतिकर्षके या कामी वापरली जातात. ती दुकानात ठेवावीत आणि रानातून परतल्यावर गरम पाण्याने, साबणाने स्नान करून कपडे गरम पाण्यात धुण्यास सांगावे. घरालगत पातेऱ्याचे ढीग करू नयेत, हेही सांगावे. भाजावळीसाठी पातेरा साठविणाऱ्या शेतकऱ्यास ते पटविणे सोपे नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. हिरडा, शिकेकाई, बिब्बा, वावडिंग यांची आपल्याकडे येणारी पोती जी माणसे भरतात तीही याच महिन्यांत, याच रानांत असतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या हाती आपण आजवर प्रतिकर्षकाची एक बाटली दिली? संघटनेच्या जिल्हा शाखेने घाऊक खरेदी करून वजनकाट्यापाशीच त्या वाटाव्यात, अशी आमची सूचना आहे. खर्च पोत्यामागे काही रुपयांपलीकडे जाणार नाही. मृत माकड दिसल्यास त्यास हात न लावता वनखात्यास किंवा आरोग्य केंद्रास कळवावे, हे या मंडळींना सांगण्याची सर्वोत्तम जागाही तीच. अंगावर रुतलेली गोचीड आढळल्यास तिच्यावर रॉकेल, चुना किंवा विडीचा चटका असे उपाय करू नयेत. त्वचेलगत बारीक चिमट्याने धरून सरळ वर ओढावी, बोटांनी चुरडू नये, जागा साबणाने धुवावी आणि तो दिनांक लिहून ठेवावा. पुढील आठ-दहा दिवसांत ताप आला तर रुग्णाने येताना तो दिनांक सांगावयाचा आहे.